कुंपणाचा हिशेब फलकावर लावा

प्रति,
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, डहाणू
मा. गटविकास अधिकारी, पंचायत समिती, तलासरी
जिल्हा पालघर



जिल्हा परिषदेच्या शाळेला संरक्षक भिंत बांधायची ठरली की आपल्या बांधकाम उपविभागात तिचे अंदाजपत्रक तयार होते. खोदाई किती घनमीटर, काँक्रीट किती, सळई किती किलो, राज्य दरसूचीतला दर कोणता, हे सगळे त्यात ओळीने मांडलेले असते. त्यावर सह्या होतात आणि काम झाले की मोजमाप पुस्तिकेत नोंद होते. त्याच शाळेच्या मागे राहणारा माणूस आपल्या घराभोवती चारशे फूट कुंपण घालायला निघतो तेव्हा त्याच्या हातात एकच गोष्ट असते. ठेकेदाराने तोंडी सांगितलेला, फार तर वहीच्या फाटक्या पानावर लिहून दिलेला भाव : फुटाला एवढे.

माझी सगळी नोकरी अंदाजपत्रके करण्यात गेली. म्हणून आता कोणी घरगुती कामाचा कागद दाखवायला आला की नको म्हणवत नाही. गेल्या काही वर्षांत येणाऱ्यांपैकी बरेच जण कुंपणाचेच विचारतात. कारण उघड आहे. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आपल्या दोन्ही तालुक्यांतून जात आहेत. 30 ऑगस्ट 2024 रोजी वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले. जमिनीला भाव आला की माणसाला पहिली आठवण हद्दीची होते. बोर्डी-घोलवडच्या वाड्यांतून, महामार्गालगत चारोटीपासून अच्छाडपर्यंत, आत कासा, सायवन, उधव्याच्या पाड्यांपर्यंत सिमेंटचे खांब रोवलेले दिसू लागले आहेत.

माझी मागणी एवढीच आहे : आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर घरगुती कुंपणाचे एका पानाचे नमुना अंदाजपत्रक मराठीत लावा आणि दरसूची बदलली की तेही बदला. आता हे एक पान का हवे ते सांगतो.

माणूस जमीन सांगतो गुंठ्यांत आणि कुंपण घालतो फुटांत. घोळ इथूनच सुरू होतो. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, पाच गुंठे म्हणजे 5445. पाच गुंठ्यांचा तुकडा चौरस असेल तर बाजू पावणेचौऱ्याहत्तर फुटांची आणि चारही बाजू मिळून 295 फूट. तेच पाच गुंठे 33 बाय 165 च्या पट्टीत असतील तर चार बाजू भरतात 396 फूट. जमीन तेवढीच, कुंपण 101 फुटांनी जास्त. रस्त्यालगतचे प्लॉट पाडताना सगळ्यांना थोडे थोडे तोंड द्यायचे म्हणून लांबट पट्ट्याच पाडतात, त्यामुळे आपल्याकडे हा दुसरा प्रकार जास्त. सातबारावर क्षेत्र असते, आकार नसतो. त्यामुळे ‘पाच गुंठ्याला किती येईल?’ या प्रश्नाला मान देऊन उत्तर देणारा ठेकेदार एक तर देवमाणूस असतो किंवा त्याने पुढचे सगळे आधीच ठरवलेले असते.

भूसंपादनात हे आणखी बिघडते. रेल्वेचा किंवा रस्त्याचा पट्टा शेतातून तिरका गेला की मागे उरतात त्रिकोणी, निमुळते तुकडे. क्षेत्र कमी होते, कुंपणाची लांबी मात्र त्या मानाने कमी होत नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 मध्ये जमिनीचा तुकडा पडल्यामुळे होणारे नुकसान भरपाई ठरवताना विचारात घ्यायला सांगितले आहे. उरलेल्या तुकड्याला नव्याने कुंपण घालायला किती लागेल हे आकड्यात मांडता आले तर ती मागणी लेखी करता येते. नाही तर माणूस ‘साहेब, लई खर्च आला’ एवढेच म्हणतो आणि तसल्या वाक्याला टिप्पणीत जागा नसते.

आता तो 33 बाय 165 चाच तुकडा घेऊ. घर मागे, रस्ता पुढे, पुढच्या बाजूला मधोमध बारा फुटांचे फाटक, म्हणजे टेम्पो आत येईल. उरले 384 फूट. काटेरी तारेच्या पाच ओळी, सात फुटी सिमेंटचे खांब, त्यातले दोन फूट जमिनीत. पुढे दिलेले दर फक्त हिशेब दिसावा म्हणून धरले आहेत. दर बदलतील, हिशेबाची रीत बदलणार नाही.

ठेकेदार म्हणतो, आठ फुटांवर खांब, 384 भागिले आठ, अठ्ठेचाळीस खांब. कागदावर बरोबर. जमिनीवर मात्र भागाकार कोपऱ्यात येऊन अडतो. 165 फुटांच्या बाजूला एकवीस गाळे पडतात, मागच्या 33 ला चार, फाटकाच्या दोन्ही अंगांना दोन-दोन. एकूण पन्नास गाळे, आणि गाळ्यांपेक्षा खांब एकाने जास्त, म्हणजे एक्कावन्न. मग टेकू. तार ताणली की कोपऱ्याचा खांब आत ओढला जातो, म्हणून प्रत्येक कोपऱ्याला दोन तिरके टेकू लागतात. ते झाले आठ. फाटकाच्या दोन खांबांना एकेक. लांब बाजूंच्या मध्यावर ताण तोडायला एकेका खांबाला दोन-दोन, म्हणजे आणखी चार. हे चौदा टेकूही खांबच असतात, दुकानात त्यांना वेगळा स्वस्त भाव नसतो. बेरीज पासष्ट. अठ्ठेचाळीस आणि पासष्ट यांतले सतरा खांब भावात कुठेच नसतात. काम अर्धे झाले की ते ‘एक्स्ट्रा’ या नावाने उगवतात, किंवा उगवतच नाहीत आणि पहिल्या पावसात कोपरे झुकतात. झुकलेले कुंपण बघितले की लोक खांबाला नावे ठेवतात. दोष बहुतेक वेळा न लावलेल्या टेकूचा असतो.

खांब 400 रुपयांनी धरला तर पासष्ट खांबांचे 26,000 होतात.

तारेत फसवणूक जास्त बारीक असते, म्हणून इथे थोडा थांबतो. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते. 12 गेजची तार 2.64 मिलिमीटर, 14 गेजची 2.03. फरक अर्ध्या मिलिमीटरचा वाटतो, पण तारेच्या छेदातले पोलाद जवळपास चाळीस टक्क्यांनी घटते. बंडलाच्या भावात हे दिसत नाही, किलोच्या भावात दिसते. 12 गेजची दुहेरी काटेरी तार किलोला साधारण सात ते नऊ मीटर भरते, काटे दाट असतील तर सात, विरळ असतील तर नऊ. आपल्याला पाच ओळींना 1920 फूट, म्हणजे 585 मीटर तार लागते. गाठी, जोड आणि वाया जाणारी धरून 615 मीटरच्या आसपास. किलोला आठ मीटर धरले तर 77 किलो, शंभर रुपये दराने 7,700. दुकानदाराला एक मीटर तुकडा तोलून दाखवायला सांगावे. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरला तर तार 12 गेजची आहे. ऐंशीच्या खाली उतरला तर दुसरे दुकान बघावे.

चेनलिंक जाळीचा न्याय हाच. पाच फूट उंचीची 384 फूट जाळी म्हणजे पुन्हा 1920, या वेळी चौरस फूट. तीन इंची डोळ्याची जाळी 10 गेजमध्ये घेतली तर तिचे वजन सव्वातीनशे ते साडेतीनशे किलो भरते, 12 गेजमध्ये सव्वादोनशेच्या आसपास. दोन्ही लांबून सारख्याच दिसतात. चौरस फुटाच्या भावात जो शंभर किलोंचा फरक लपतो, तो पाच वर्षांनी कळतो.

खड्डे पासष्ट. एक बाय एक फूट, दोन फूट खोल. खांबाची जागा वजा करून खड्ड्यात पावणेदोन घनफुटांहून थोडे जास्त काँक्रीट जाते, सगळे मिळून 117 घनफूट, म्हणजे एक ब्रासहून थोडे जास्त. 1:3:6 च्या मालाला सिमेंटच्या चौदा-पंधरा गोण्या, खडी एक ब्रास, वाळू अर्धा ब्रास. गोणी 380 रुपयांनी 5,700 आणि खडी-वाळूचे 7,000 धरू. खोदून खांब उभा करायला खांबामागे दीडशे, ते 9,750. तार ताणून बांधायला फुटाला पंधरा, 5,760. फाटक 120 किलोचे, 110 रुपये किलोने 13,200. टेम्पोच्या फेऱ्या 4,000. मोजणीची फी 2,000, तिच्याविषयी पुढे लिहितो. एकूण 81,110 रुपये.

आता ठेकेदाराचे बघा. अठ्ठेचाळीस खांब, तार, तेवढेच खड्डे, तार ताणायची मजुरी आणि त्याचा नफा धरून तो म्हणतो, फुटाला 130. वर तो फाटकाचे बारा फूटही धरून 396 नेच गुणतो. झाले 51,480. माणूस 50 हजारांची तयारी करतो, पतसंस्थेतून तेवढेच काढतो. मग टेकू, सिमेंट-खडी, फाटक आणि टेम्पो एकेक करून दारात येतात आणि जवळपास 40 हजार रुपये सावकाराकडून किंवा बायकोच्या दागिन्यांवर उभे राहतात. ठेकेदार खोटे बोललाच असे नाही. त्याने विचारल्या प्रश्नाचे उत्तर दिले. प्रश्नच अर्धा होता, आणि पूर्ण प्रश्न कसा विचारावा हे सांगणारा कागद गावात कुठेच लावलेला नाही.

हा नमुना दोन्ही तालुक्यांत सरसकट चालणार नाही, हे आपल्याला माहीत आहेच. चिंचणीपासून झाईपर्यंत किनाऱ्याची जमीन रेताड आहे. तिथे खड्डा पटकन होतो, पण कडा ढासळतात आणि खांब धरून ठेवायला काँक्रीट जास्त लागते. भातखाचराची चिकट माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात खांब ढिला करते. पूर्वेला डोंगराकडे फूटभर मुरूम गेला की काळा पाषाण लागतो. तिथे दीडशे रुपयांत खड्डा कोणी खणणार नाही, पहार आणि हातोडा घेतलेला माणूस दिवसात किती खड्डे पाडेल यावर दर ठरतो. म्हणून नमुन्यात खोदाईचे तीन दर हवेत : रेताड, माती-मुरूम आणि खडक. आपल्या दरसूचीत खोदाई अशीच जमिनीच्या जातीनुसार मांडलेली असते, नवे काही करायचे नाही.

किनाऱ्याला आणखी एक खर्च आहे, तो पहिल्या दिवशी दिसत नाही. खाऱ्या वाऱ्याने तार गंजते. तारेवर जस्ताचा मुलामा किती ग्रॅमचा आहे हे बंडलाच्या पत्र्यावर किंवा पावतीवर लिहून घ्यायला हवे. नुसते ‘जीआय आहे’ या शब्दावर जाऊ नये. खांबातली सळई कडेला आलेली असेल तर ती फुगून सिमेंट फोडते, म्हणून चारही बाजूंनी निदान इंचभर सिमेंट सळईवर हवे. आणि काँक्रीटमध्ये समुद्राची वाळू अजिबात नको. ती फुकट मिळते असे वाटते आणि तिच्यातले मीठ खांब आतून खाते. पुळणीवरची वाळू उचलणे हा गुन्हाही आहे, पण तो धाक दाखवून कोणी थांबत नाही. खांब फुटलेले दिसले की थांबतो.

भिंतीचा हट्ट धरणाऱ्यांसाठी थोडे. तेवढ्याच लांबीची पाच फुटी पक्की भिंत, पाया आणि दहा-दहा फुटांवर कॉलम धरून, तारेच्या पाच-सहापट खर्चात सहज जाते. तो खर्च टाळायला कॉलम गाळतात आणि चार-सहा इंची ब्लॉक नुसते एकावर एक रचतात. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडी परिसरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. दोन्ही तालुक्यांतल्या लोकांनी रात्री घराबाहेर काढल्या. घराच्या भिंतीचा विचार तेव्हा सगळ्यांनी केला, कंपाउंडच्या भिंतीचा कोणी केला नाही. शाळेला जाणारी पोरे तिच्याच सावलीने चालतात. बिनकॉलमची उंच भिंत या पट्ट्यात घालूच नये, असे नमुन्यावर ठळक अक्षरांत लिहावे. दुसरे पाण्याचे. आपल्याकडे पाऊस धो धो कोसळतो आणि पाणी पूर्वेच्या उतारावरून खाडीकडे धावते. उताराला आडवी भिंत घातली आणि खाली पाणी जायला भोके ठेवली नाहीत, तर शेजाऱ्याच्या पडवीत तळे होते, किंवा पाण्याच्या रेट्याने भिंतच जाते. 20 जून 1991 च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. मोठ्या प्रकल्पांच्या बाबतीत त्यावरून वर्षानुवर्षे वाद झाले, होतही आहेत. ओहोळ अडवणाऱ्या दोनशे फुटांच्या भिंतीकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही.

खरे सांगायचे तर घरगुती कुंपणाला सिमेंटचा खांब ही पहिली निवड असायची गरजच नाही. आपल्याकडे शेर, मोगली एरंड, गिरिपुष्प, पांगारा, घायपात यांची कुंपणे होती, अजून आहेत. जुन्या वाड्यांच्या कडेने आजही शेराची हिरवी भिंत दिसते, माणूस पलीकडचे बघू शकत नाही इतकी दाट. पाड्यांवर परसातल्या भाजीला करवंदीच्या, बोरीच्या काट्यांची वई घालतात. तिला पैसा लागत नाही, दोन माणसांची सकाळ लागते. गिरिपुष्पाच्या फांद्या पहिल्या पावसात फुटाफुटावर खोचल्या तर आपल्या 384 फुटांना 385 फांद्या लागतील. त्या शेजाऱ्याच्या छाटणीत फुकट मिळतात. पालापाचोळा भाताच्या खाचराला खत होतो. दोन-तीन पावसाळे धीर धरावा लागतो आणि तोवर गुरांपासून जपावे लागते, ही तिची खरी किंमत. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती असते, तेव्हा लहान पोरांच्या अंगणाला शेर नको, गिरिपुष्प बरे. मधला मार्गही आहे : दर वीस फुटांवर पक्का खांब, दोन ओळी तार आणि मधे जिवंत झाडांची रांग. झाडे वाढली की तार गंजली तरी बिघडत नाही. हा तिसरा पर्याय नमुन्यात आला तर कित्येक घरांचे निम्मे पैसे वाचतील.

चिकूवाल्यांसाठी जाता जाता : डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तेव्हापासून वाडीला भक्कम कुंपण हवे असे बागायतदार अधिक जोराने म्हणतात. मोकाट गुरे अडतील. वटवाघळे वरून येतात, त्यांना कुंपणाचे काही नाही. आणि रानडुकरांसाठी तारेत घरची वीज सोडणाऱ्यांना काय म्हणावे? त्या तारेला डुक्कर लागण्याआधी सरपणाला निघालेली बाई लागते. मग सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो आणि वाडी विकून वकील करावा लागतो. तारेत वीज सोडू नका, ही ओळही त्या पानावर लाल शाईने असावी.

आता मोजणी. वरच्या हिशेबात मी तिचे 2,000 रुपये धरले. ग्रामीण भागात दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणीची फी तेवढी आहे, द्रुतगती हवी तर 8,000. म्हणजे 81 हजारांच्या कामात अडीच टक्केसुद्धा नाही. लोक नेमके हेच वाचवतात. जुना बांध दिसतो, त्याच्या धाग्याने खांब रोवतात. बांध दर नांगरटीला इकडेतिकडे सरकलेला असतो. वर्षा-दोन वर्षांनी शेजारी मोजणी आणतो, खांब त्याच्या हद्दीत दीड फूट निघतात आणि पासष्ट खड्ड्यांतले काँक्रीट फोडून काढावे लागते. काढायची मजुरी घालायच्या मजुरीपेक्षा कमी नसते, आणि काढलेले निम्मे खांब तुटतात. त्याआधी भांडण, पोलीस ठाणे, निमताना मोजणी, दिवाणी दावा. म्हणून क्रम उलटा नको : आधी उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात हद्दकायम मोजणीचा अर्ज, लगतधारकांना नोटीस, त्यांच्यासमोर खुणा, ‘क’ प्रत हातात, आणि मगच ठेकेदार. खुणा दाखवल्या त्याच दिवशी तिथे दगड रोवून घ्यावेत. चुन्याची खूण एका पावसाची धनी.

पाड्यांवरच्या घरांचा प्रश्न याहून अवघड आहे. गावठाणात ड्रोनने मोजणी होऊन मालमत्तेच्या सनदा मिळाल्या. आपल्या दोन्ही तालुक्यांतली वस्ती मात्र मोठ्या प्रमाणात गावठाणाबाहेर, विखुरलेल्या पाड्यांत आहे. घर भावाभावांच्या सामाईक सातबारावर किंवा वनपट्ट्यावर असते. तिथे एकाने कुंपण घातले की ते बाकीच्यांना वाटणी झाल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी खर्चाचा अंदाज विचारायला आलेल्याला मी आधी भावांना घेऊन यायला सांगतो. काही जण परत येत नाहीत. ते बरेच.

आणि वाट. वारली, कोकणा, धोडी, दुबळा यांच्या पायवाटा नकाशावर नसतात. विहिरीकडे, ओहोळाकडे, मसणवट्याकडे, शाळेकडे जाणाऱ्या या वाटा कोणाच्या तरी मालकीच्या जमिनीतून गेलेल्या आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या कोणी अडवल्या नाहीत. बाहेरून आलेला माणूस प्लॉट घेतो, पहिल्या आठवड्यात चारही बाजू बंद करतो आणि बायांना डोक्यावर हंडा घेऊन अर्धा मैल वळसा पडतो. बांधावरून रस्ता मागायचा असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली दाद मागता येते. दोन्हींचा शेवट अनेकदा कुंपण तोडण्यात होतो, आणि तो खर्चही मालकाचाच. तेव्हा वाट असेल तिथे तीन फुटांचे फिरते फाटक आधीच धरलेले बरे, ते फार महाग पडत नाही.

या भागात जमिनीची हद्द ही नुसती मोजणीची बाब कधीच नव्हती. मे 1945 मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरीला वारली जमले आणि शामराव व गोदावरी परुळेकरांच्या सोबतीने त्यांनी वेठ नाकारली. पुढे कूळकायद्याने अनेकांच्या नावावर जमीन आली. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर संहितेच्या कलम 36अ खाली जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तीही याच इतिहासामुळे. तरी साध्या कागदावरच्या व्यवहारावर कुंपण उभे राहते आणि पुढे तेच कुंपण ताब्याचा पुरावा म्हणून पुढे केले जाते. नमुना अंदाजपत्रकाच्या तळाशी एकच ओळ असावी : कुंपण घातल्याने मालकी मिळत नाही. ती ओळ कोणाला बोचली तर कोणाला बोचली, ते गावाला कळेल.

कामाच्या दिवसांचेही पानावर असू द्या. पावसात रोवलेला खांब उभा राहत नाही. दिवाळीनंतर जमीन ओलसर असते, खोदाई सोपी जाते. पण भात झोडून झाला की पाड्यांवरची माणसे वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, उंबरगावच्या कारखान्यांत निघून जातात आणि मग गावात खड्डा खणायला माणूस मिळत नाही. भात झोडणी आणि स्थलांतर यांच्यामधले दोन-तीन आठवडे साधले तर मजुरी गावातच राहते. तेवढ्यासाठी मोजणीचा अर्ज उन्हाळ्यात पडायला हवा.

आपण म्हणाल, खाजगी कुंपणाशी पंचायत समितीचा संबंध काय? संबंध आहे. वाद आधी ग्रामपंचायतीत येतो, ग्रामसेवक त्यात अडकतो, अडवलेल्या वाटेची तक्रार ग्रामसभेत होते. आणि या हिशेबासाठी लागणारे सगळे आपल्याकडे तयार आहे : अभियंता आहे, दरसूची आहे, फलक आहे. एका शाखा अभियंत्याचे दोन दिवसांचे काम. तारेचे, तार-झाडांचे मिश्र आणि जिवंत, असे तीन नमुने पाच गुंठ्यांसाठी मांडावेत. खांब, टेकू, तारेचे वजन, काँक्रीट, फाटक, वाहतूक, मोजणी यांचा रकाना वेगवेगळा, दराची जागा मोकळी. दर ग्रामसेवकाने दरवर्षी भरावा. वारली बोलीत वाचून दाखवायला शाळेचा एखादा शिक्षक ग्रामसभेत उभा राहिला तर फारच चांगले. छपाईचा खर्च मी काढून पाहिला नाही, पण तो एका सिमेंटच्या खांबापेक्षा जास्त येणार नाही.

येत्या दिवाळीआधीच्या ग्रामसभांत हा विषय ठेवावा, ही विनंती. नमुना तपासायला कोणी जुना माणूस हवा असेल तर बोलवा, येईन.

आपला,
डहाणू तालुक्यातील एक निवृत्त शाखा अभियंता